जेम्स हर्स्ट : आयोवाचा शेतकरी कवी (कोणी वाचलाय का?)

काळीमाती:

अमेरिकेच्या मिडवेस्टमधला, आयोवा राज्यातला जेम्स हर्स्ट हा कवी इथे कोणी वाचलाय का? १९०० साली सीडर फॉल्स गावाजवळच्या शेतावर जन्मला, १९८३ मध्ये गेला. नवऱ्याच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही शेजारच्या वॉटर्लूत राहतो, नाहीतर मलाही हे नाव कळलं नसतं. इथे शेती केलेली आणि कवितेवर जीव असलेली अशी दोन्ही प्रकारची मंडळी आहेत म्हणून मुद्दाम धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी माणसाबद्दल. हर्स्टचं घराणं तीन पिढ्या तिथेच शेती करणारं, शेताचं नाव मेपलहर्स्ट. मका, ओट, गवत, गुरं, डुकरं, सगळं. वडील आयोवा फार्म ब्युरोचे, म्हणजे राज्यातल्या मोठ्या शेतकरी संघटनेचे अध्यक्ष होते. १९१९ साली, वय वर्षं अठरा, कॉलेजात शिकत असताना यानं सीडर नदीत सूर मारला, पाणी उथळ होतं, मानेला जबर मार लागला आणि शरीर लुळं पडलं. पुढे कुबड्या, मग व्हीलचेअर. पण तो गावात येऊन बसला नाही, भाऊ चार्ल्सबरोबर पुढची वीसेक वर्षं शेतावरच राहिला. मंदीची वर्षं, मक्याचे पडलेले भाव, घोडे जाऊन ट्रॅक्टर येणं, हायब्रीड बियाणं येणं, हे सगळं त्यानं बांधावरून पाहिलेलं नाही, तो त्या हिशोबातच होता. १९४१ पासून गावातल्या कॉलेजात (आताची युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न आयोवा) लेखन शिकवायला लागला आणि तीस-एक वर्षं शिकवत राहिला.

पहिला संग्रह 'कंट्री मेन', १९३७. मस्कॅटीन गावात कॅरोल कोलमन नावाचा माणूस हाताने टाइप जुळवून सुंदर पुस्तकं छापायचा, त्याच्या प्रेअरी प्रेसनं काढला. मग 'द सन ॲट नून' १९४३, 'मॅन अँड हिज फील्ड' १९५१, 'लिमिटेड व्ह्यू' १९६२, शेवटी शेवटी तर दर वर्षा-दोन वर्षांनी एक पुस्तक. 'माय शॅडो बिलो मी' हे आत्मचरित्र १९८१ चं. आणि २००१ मध्ये स्कॉट कावेल्टी यांनी सगळ्या कविता एकत्र करून एक जाडजूड खंड काढला.

आता मुख्य गोष्ट. शेतीवरच्या कवितेत मला दोन गोष्टींचा कंटाळा येतो, एक म्हणजे हिरवंगार वर्णन आणि दुसरी म्हणजे 'बिचारा शेतकरी'. हर्स्टमध्ये दोन्ही नाहीत. त्याची 'ट्रूथ' नावाची छोटी कविता घ्या. एक शेतकरी दुसऱ्याला जवळजवळ खेकसूनच सांगतो, तुझ्या रानात दगड आहेत की नाहीत ते मला काय विचारतोस, नांगरून बघ. मग तो बारकाईनं सांगतो काय होईल ते. फाळ मातीपेक्षा टणक कशावर तरी आदळेल, टोक मोडेल, ट्रॅक्टरला बाजूला हिसका बसेल, तू सीटवरून खाली पडशील, कारण मागच्या हिचची (नांगर ट्रॅक्टरला जोडणारा सांधा) स्प्रिंग लवकर सुटेल अशी लावलेलीच नसते, कधीच नसते. मग समज की दगड लागला. हिमनदीनं माझ्या रानात खिसा रिकामा केला तसा तुझ्याही केलाय. आणि शेवटी एवढंच, की वस्तूशी थेट गाठ पडणं यापलीकडे दुसरं सत्य मला माहीत नाही, तेव्हा नांगर.

हे हिमनदीचं प्रकरण अगदी खरं आहे बरं का. ईशान्य आयोवात शेतात मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे सापडतात, ते तिथल्या खडकाचे नाहीतच, हिमयुगात उत्तरेकडून बर्फानं आणून टाकलेले. आमच्याकडे बागांमधून, फाटकांपाशी असे धोंडे शोभेला ठेवलेले दिसतात आणि ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या शेतातूनच उपटलेले असतात. त्यामुळे 'सत्य' हा एवढा मोठा शब्द शीर्षकात टाकून कवितेत मात्र फाळ, हिच आणि धोंडा, एवढंच ठेवणारा हा माणूस मला फार भावतो. यानं जमिनीला आई म्हटलेलं मला कुठे सापडलं नाही. जमीन म्हणजे रोज जिच्याशी व्यवहार आहे ती, कधी देणार कधी बुडवणार, आणि आपणही काही कमी नाही असं नातं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणखी कविता सांगते हवं तर.

शिरूरकर:

ताई, लेख मस्त. कवितेतलं फार कळत नाही पण ते हिचचं जे लिहिलंय ना त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण मी सणसवाडीला ट्रॅक्टरच्याच कारखान्यात आहे (तुमच्या यजमानांचाच कारखाना असणार बहुतेक, वॉटर्लूची आमच्याकडे रोज बात असते, १९१८ ला तिथली वॉटर्लू बॉय ट्रॅक्टरवाली कंपनी जॉन डिअरनं घेतली तिथून हे सगळं सुरू झालं) आणि घरची शेती पण आहे.

त्या काळी नांगर आताच्यासारखा हायड्रॉलिकवर उचललेला नसायचा, ट्रॅक्टरच्या मागे ओढत न्यायचा. मध्ये स्प्रिंगवाला हिच. दगड लागला की ताण वाढतो, स्प्रिंग सुटते, नांगर मागे राहतो आणि ट्रॅक्टर पुढे, म्हणजे काही मोडत नाही. मग उतरायचं किंवा रिव्हर्स घेऊन परत जोडायचं. आता स्प्रिंग हलकी लावली तर काय होतं, जरा कडक ढेकूळ आलं, वाळलेली मुळी आली की सुटतेय, एका तासात चार वेळा मागे येऊन जोडत बसा. म्हणून शेतकरी ती घट्ट करून ठेवतो. मग खरा दगड आला की ती सुटत नाही आणि हिसका बसतो. त्यामुळे 'कधीच नसते' असं जे त्यानं लिहिलंय ते तक्रार म्हणून नाही लिहिलेलं, तसंच चालतं ते सगळीकडे, काम उरकायचं असतं म्हणून आपणच ती घट्ट केलेली असते. आमच्याकडे आता शिअर बोल्ट असतो, तो तुटावा म्हणूनच असतो, तरी लोक त्याजागी जाडा बोल्ट घालतात आणि मग नांगराचा फ्रेमच वाकवून आणतात.

हे ज्यानं लिहिलंय तो माणूस सीटवर बसलेला असो नसो, त्याला नांगरटीतलं सगळं कळत होतं हे नक्की.

काळीमाती:

@शिरूरकर, काय सुंदर सांगितलंत! मी ती ओळ आजवर नुसता वैताग म्हणून वाचत होते. आपणच घट्ट केलेली असते, हे लक्षात घेतलं की आधीचं 'मला काय विचारतोस' पण वेगळं ऐकू येतं. खूप आभार.

रानवेडा:

लेख आवडला पण थोडी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका.

तुम्हीच लिहिलंय की वडील फार्म ब्युरोचे अध्यक्ष. म्हणजे स्वतःची जमीन, वजनदार घर. १९३२ मध्ये आयोवात मक्याला बुशेलला, म्हणजे पंचवीसेक किलोला, दहा सेंटच्या आसपास भाव होता, कोळशापेक्षा मका स्वस्त म्हणून लोक थंडीत शेगडीत मका जाळत होते. मायलो रीनोच्या फार्मर्स हॉलिडे या शेतकरी संघटनेनं त्याच वर्षी सू सिटीकडचे रस्ते अडवले, माल बाजारात जाऊ द्यायचा नाही म्हणून. आणि एप्रिल १९३३ ला ल मार्स गावात कर्जापायी जमिनी जप्त होत होत्या त्यावरून शेतकऱ्यांनी न्यायाधीश ब्रॅडली यांना कोर्टातून ओढून बाहेर नेलं, गळ्यात दोर घातला, फाशीच द्यायचे बाकी राहिले होते. मार्शल लॉ लागला तिथे. आणि या सगळ्याच्या चार वर्षांनंतर, १९३७ ला, संग्रह येतो आणि त्यात हा माणूस शांतपणे नांगरटीवर लिहितो? ज्याची जमीन जाणार नाहीये त्याला दगडाशी गाठ हेच एकमेव सत्य वाटू शकतं. ज्याची जात होती त्याची गाठ बँकेशी होती. माझा मुद्दा कवितेच्या दर्जाबद्दल नाहीये, कोण कुठून बोलतोय याबद्दल आहे.

काळीमाती:

@रानवेडा, राग कशाचा, हा प्रश्न विचारायलाच हवा. ल मार्सचं तुम्ही लिहिलंत ते सगळं खरंय आणि फार्म ब्युरो म्हणजे रस्ता अडवणाऱ्यांच्या मानानं मवाळ, सरकारशी बोलणी करणारी मंडळी, हेही खरं. 'ट्रूथ' मात्र पहिल्या संग्रहातली म्हणून मी सांगितलेली नाही, ती एक नमुना म्हणून घेतली.

पण त्याची 'द मूव्हर्स' वाचा. आयोवात खंडाच्या शेतीचं वर्ष १ मार्चला सुरू होतं. १९३५ च्या सुमाराला राज्यातले जवळजवळ निम्मे शेतकरी खंडकरी होते. म्हणजे दरवर्षी १ मार्चला हजारो कुटुंबं एक शेत सोडून दुसऱ्यावर जायची, आणि तो दिवस कसला तर इथल्या हवेतला सगळ्यात घाणेरडा, बर्फ वितळून चिखल झालेला आणि वरून पुन्हा पाऊस नाहीतर बर्फ. कवितेत एवढंच आहे. जुनी मालवाहू घोडागाडी, त्यात घरचं सगळं सामान, दोन केसाळ घोडे ज्यांची हाडं अंगापेक्षा मोठी दिसतायत, चाकं तुंब्यापर्यंत चिखलात. रानहंससुद्धा यांच्याइतका बेघर नाही म्हणतो तो. गाडी कोपरा ओलांडते, झाडांची राई ओलांडते, टेकाडावर चढते आणि मग शेवटी क्षितिजावर फक्त खुर्च्यांचे पाय वर आलेले दिसतात, उपटलेल्या झाडांच्या मुळांसारखे.

मी ही वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. जमीनदाराच्या पोरानं पाहिलेलं आहे हे मान्य, तो गाडीत नाहीये, रस्त्याच्या कडेला आहे. पण तो कळवळत नाही आणि उपदेशही करत नाही, उलट्या ठेवलेल्या खुर्चीचे पाय नेमके बघतो. सामान बांधताना खुर्च्या सगळ्यात वर उलट्या ठेवतात हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ते सुचणार.

रानवेडा:

ही कविता माहीत नव्हती. खुर्च्यांचे पाय... हे मानलं. तरी माझा आक्षेप पूर्ण मागे घेत नाही, बेघर होण्याचं कारण कवितेत कुठे येत नाही, जणू मार्च महिनाच त्यांना हाकलतोय. पण वाचतो आता बाकीच्या, मग बोलतो.

हुरडा:

मी डे मॉइनला असते, बारा-तेरा वर्षं झाली असतील. १ मार्चबद्दल एक भर घालते, ते अजूनही तसंच आहे! आयोवाच्या कायद्यात आजही शेताचा खंड १ मार्चला संपतो आणि सोडायचा किंवा सोडवून घ्यायचा असेल तर आधीच्या १ सप्टेंबरपर्यंत नोटीस द्यावी लागते, नाहीतर करार आपोआप पुढे चालू. आमच्या ओळखीच्या घरी जमीन आजीच्या नावावर आहे आणि दरवर्षी ऑगस्ट आला की घरात त्यावरून चर्चा सुरू होते.

दुसरं म्हणजे हर्स्ट १९८३ ला गेला, म्हणजे त्याला ऐंशीच्या दशकातलं शेतीचं संकट पूर्ण बघायला मिळालं नाही. आयोवात जमिनीचा सरासरी भाव १९८१ ला एकरी २,१४७ डॉलर होता तो १९८६ ला ७८७ वर आला. चढ्या भावात कर्ज काढून जमीन घेतलेले सगळे झोपले. १९३५ ला राज्यात सव्वादोन लाखाच्या आसपास शेतं होती, २०२२ च्या कृषी गणनेत ८७ हजाराच्या आसपास उरलीत. जमीन तेवढीच आहे, माणसं गेली. गाडीनं जाताना मैलोनमैल मका आणि सोयाबीन आणि मध्येच चार झाडांचं एक चौकोनी झुडपं दिसतं, ते म्हणजे कधीतरी तिथे घर होतं. वारा अडवायला लावलेली झाडं तेवढी राहतात. ही झाडं दिसली की काळीमाती म्हणतेय ती राई आठवणार आता मला.

वाचनवेल:

सुंदर धागा. दोन प्रश्न.

१. अपघातावर त्यानं कविता लिहिल्या का? इतकी मोठी गोष्ट, आणि तुम्ही सांगितलेल्या कवितांत ती कुठेच नाही.

२. टेड कूझर हा अमेरिकन कवी आणि हर्स्ट यांच्यात काय फरक आहे? कूझर मी वाचलाय, 'डिलाइट्स अँड शॅडोज'ला २००५ चं पुलित्झर मिळालं तेव्हापासून. तोही आयोवातच जन्मला, एम्सला, मग नेब्रास्कात स्थायिक. त्याची ती ओसाड फार्महाउसची कविता आहे, घरातल्या मागे राहिलेल्या वस्तूच त्या कुटुंबाबद्दल सांगतात, मोठ्या मापाचे बूट, लांबलचक पलंग, अंगणात विखुरलेली खेळणी. मला ती खुर्च्यांच्या पायांच्या फार जवळची वाटली.

काळीमाती:

@वाचनवेल, आधी दुसऱ्याचं सांगते, सोपं आहे. कूझर विमा कंपनीत अधिकारी होता, पहाटे उठून कविता लिहायचा आणि मग ऑफिसला जायचा. तो ग्रामीण भागात राहणारा, अतिशय प्रेमानं बघणारा कवी आहे, मला आवडतो. पण तो घर ओसाड पडल्यावर तिथे येतो आणि वस्तूंवरून अंदाज बांधतो. हर्स्ट घर रिकामं होत असताना तिथे असतो. कूझरच्या कवितेत शेती होऊन गेलेली असते, हर्स्टच्या कवितेत उद्या सकाळी पुन्हा करायची असते. डुकरांना खायला घालायचं असतं, कुंपण दुरुस्त करायचं असतं, गवत भिजायच्या आत आत घ्यायचं असतं. हर्स्टला 'मिडवेस्टचा फ्रॉस्ट' म्हणायची पद्धत आहे, तेही मला याच कारणानं पटत नाही. साधी बोलती भाषा दोघांची सारखी आहे खरी, पण रॉबर्ट फ्रॉस्टनं न्यू हॅम्पशरला काही वर्षं शेत सांभाळलं आणि सोडलं, त्याच्या शेतकऱ्याला भिंतीपाशी थांबून तत्त्व बोलायला सवड असते. हर्स्टचा माणूस बोलला तर कामाचं बोलतो आणि तत्त्व असलंच तर त्यातच येतं.

आता अपघात. सरळ असा फार कमी आहे, त्याबद्दल सविस्तर वाचायचं तर आत्मचरित्र. कवितांमध्ये तो आडून येतो, म्हणजे संग्रहाची नावंच बघा, 'लिमिटेड व्ह्यू', 'अ सिंगल फोकस'. एका जागी बसून एकाच गोष्टीकडे बराच वेळ बघणाऱ्याची नावं आहेत ही. पण एक आग्रहानं म्हणते, की इथे अमेरिकेत त्याच्यावर जे लिहिलं जातं त्यात 'अपंगत्वावर मात करून' हे पहिल्या वाक्यात येतं आणि मग पुढचा सगळा हर्स्ट त्या एका वाक्याखाली दबून जातो. त्याच्या कवितेत मात वगैरे काही नाही. पाऊस लांबला तर लांबला, गाय मेली तर मेली, तसं शरीर हे एक आणखी न ऐकणारं जनावर. त्याच्याशी रोज निभवायचं. त्यानं स्वतःला वेगळं दुःख मागून घेतलेलं नाही, आणि हेच मला त्याचं मोठेपण वाटतं. बाकी शेतकऱ्यांच्या रांगेत तो उभा आहे.

शिरूरकर:

काळीमाती ताई एक विचारू का, घोडे जाऊन ट्रॅक्टर आले त्यावर त्याचं म्हणणं काय होतं? आमच्या आजोबांनी बैलजोडी विकली तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नव्हतं. आणि मका कसा काढायचे हो तेव्हा, मशीन आल्याआधी?

काळीमाती:

@शिरूरकर दादा, घोडे त्याच्या कवितेत भरपूर आहेत. 'लँडमार्क' नावाची कविता आहे, तो लहानपणी वडिलांबरोबर गाडीत बसून घरी चाललाय, वडिलांच्या अंगात घोड्याच्या कातड्याचा कोट, रस्ता चाकोऱ्यांनी खणून निघालेला, आणि वडिलांना वाट माहितीये. एक झाड आणि वडील, दोन्ही एकत्रच आठवतात त्याला. फार हळवी आहे, पण ट्रॅक्टर वाईट असं त्यात किंवा दुसरीकडे तो म्हणत बसत नाही. ज्याला स्वतःला अंगमेहनत शक्य नव्हती तो यंत्राला नावं कशी ठेवेल, असं मला वाटतं, हा माझा अंदाज.

मक्याचं सांगते, हे मला इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी हातवारे करून दाखवलंय. उजव्या हाताला चामड्याचा पट्टा बांधायचा, तळव्यावर लोखंडी आकडा. डाव्या हातानं कणीस धरायचं, आकड्यानं एका ओढीत वरची पानं फाडायची, कणीस मोडायचं आणि न बघता शेजारच्या गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळ्या ठोकलेल्या, कणीस त्यावर थाडकन आपटून आत पडायचं. घोड्यांना कोणी हाकायला नाही, तोंडानं आवाज दिला की ते ओळीतून चार पावलं पुढे. ऑक्टोबरपासून थंडी पडेपर्यंत हेच, हात फाटून निघायचे. याच्या स्पर्धा व्हायच्या, हेन्री वॉलेसनं विसाच्या दशकात सुरू केल्या (पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला तोच, हायब्रीड मक्याची कंपनीही त्याचीच), आणि तिसाच्या दशकात त्या बघायला लाखाच्या वर माणसं जमायची. मग मका काढायची यंत्रं आली आणि ते संपलं. गाडीच्या फळीवर आपटणाऱ्या कणसांचा आवाज शेजाऱ्यांना अजून आठवतो, अख्ख्या शिवारातून तो आवाज यायचा म्हणाले.

रानवेडा:

काल रात्री बसून वीसेक कविता वाचल्या. कारण कुठे येत नाही हा माझा आक्षेप काही कवितांना लागू आहे, सगळ्यांना नाही. एक मात्र दिसलं, की शेजारी हा माणूस त्याच्याकडे फार आहे. सतत कोणीतरी कोणाला तरी कुंपणापलीकडून काहीतरी सांगतंय, टोमणा मारतंय, सल्ला देतंय. 'ट्रूथ' पण तशीच आहे, तो दगडवाला सल्ला शेजाऱ्यालाच आहे आणि 'माझ्या रानात पडले तसे तुझ्याही' हे जे आहे ते खेकसण्याच्या आत दडलेलं आपलेपण आहे. ल मार्सला जे जमले ते असेच एकमेकांचे शेजारी होते. हे दोन्ही एकाच गावातले लोक आहेत असं धरून वाचायला हवं बहुतेक.

वाचनवेल:

@रानवेडा +१. वाचल्या कुठे पण? पुस्तक भारतात मिळत नाहीये, मी शोधलं.

काळीमाती:

@वाचनवेल, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न आयोवानं जेम्स हर्स्ट डिजिटल आर्काइव्ह केलाय, तिथे कविता फुकट वाचता येतात. नाव टाकून शोधा, लगेच मिळेल. आणि कोणी या बाजूला आलात तर सीडर फॉल्सला त्याचं घर बघता येतं, सीर्ली बुलेव्हार्डवर, त्यानं ते शहराला देऊन टाकलं आणि आता तिथे हर्स्ट सेंटर फॉर द आर्ट्स आहे, मुलांचे चित्रकलेचे वर्ग भरतात, प्रदर्शनं असतात, मागे बाग आहे. नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू हे नियतकालिक याच विद्यापीठातून निघतं, ते त्याच्या नावानं कवितेचं बक्षीस देतात.

सुरुवात 'ट्रूथ', 'द मूव्हर्स', 'लँडमार्क' अशी करा, मग 'स्नेक इन द स्ट्रॉबेरीज' घ्या, तिथे तो जरा वेगळा आहे, उन्हात नाचत येणारी मुलगी आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात साप. खंडातल्या सगळ्या कविता सारख्या ताकदीच्या नाहीत हेही सांगते, शेवटच्या काही संग्रहांत पुनरुक्ती बरीच आहे, पहिले तीन-चार संग्रह नीट वाचले तरी माणूस कळतो.

रविवारी 'द मूव्हर्स'चा मराठी कच्चा खर्डा इथे टाकते. शिरूरकर दादा, गाडीच्या भागांची नावं तुम्ही तपासून द्याल का? तुंबा, आरे, जू, साटा, यातलं घोडागाडीला काय चालेल आणि काय फक्त बैलगाडीचं आहे ते मला नीट बघून घ्यायचंय.

शिरूरकर:

टाका की, बघतो. आमच्या गावात एक टांगेवाले काका आहेत, त्यांनाही विचारून ठेवतो तोपर्यंत.